वजनकाटा आणि महेकची दादी

किस्से गोळा करण्यासाठी मी वेगळं काहीच करत नाही. शाळेत जाते, पोरांचं वजन घेते, उंची मोजते, डोळे-दात पाहते आणि परत येते. तरी संध्याकाळपर्यंत पर्समध्ये जसे फालतू कागद साठतात, तसा एखादा किस्सा साठलेला असतोच. मैत्रिणी विचारतात, "तुझ्याच वाट्याला कशी येतात गं अशी माणसं?" मी म्हणते, एकदा वजनकाटा घेऊन यवतमाळ जिल्ह्यात फिरून या, मग बोला!

आमचं शाळा तपासणीचं पथक लहानसं आहे. डॉक्टर म्हणून मी, एक सिस्टर आणि गाडी चालवणारे राठोडभाऊ. पांढरकवड्याच्या आसपासच्या शाळा आमच्याकडे. इतकी वर्षं काम एकच होतं, कमी वजनाचं मूल शोधायचं आणि त्याचं वजन वाढवायचं. जंगलाकडच्या पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, आजही तेच करतो. पण हायवेच्या काठावरच्या मोठ्या गावांत आता वेगळीच मुलं दिसायला लागलीत. दुसरीतल्या पोराला पाचवीचा शर्ट लागतो आणि शाळेच्या चार पायऱ्या चढला की धाप लागते. म्हणून वरून आदेश आला, जास्त वजनाची मुलंही शोधा आणि त्यांचं वजन आवरा.

आदेश काढणाऱ्याचं काय जातं! ज्या जिल्ह्यात वजन ही फक्त वाढवायची गोष्ट आहे, तिथे "कमी करा" म्हटलं की लोक डॉक्टरच्याच तब्येतीची चौकशी करतात.

*

पहिला नमुना म्हणजे गावंडे सर, हायवेजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. गावाचं नाव सांगत नाही, सरांचा फोन येईल. माणूस भला आहे. शाळेची फरशी लख्ख, बाग हिरवीगार. पण कमी वजनाची मुलं निघाली की वरून विचारणा होते, याची त्यांनी जन्माची धास्ती घेतलेली.

आम्ही पोचलो तेव्हा मुलं व्हरांड्यात रांगेत बसली होती आणि कोपऱ्यातली बादली केळीच्या सालींनी भरली होती. सरांनी प्रत्येकाला दोन-दोन केळी खाऊ घालून वरून तांब्याभर पाणी पाजलं होतं. अंगात स्वेटर आणि पायात बूट. ऑक्टोबर महिना, यवतमाळचं ऊन, आणि पोरं स्वेटरमध्ये!

एक पोट्टं कळवळून म्हणालं, "सर, लघवीले जाऊ का?"

"वजन झाल्यावर," सर म्हणाले.

मी सगळ्यांचे स्वेटर-बूट उतरवले, पोरांना मोकळं करून आणलं आणि मग काटा मांडला. सरांचा चेहरा उतरला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की यंदा आम्ही जास्त वजनाची मुलंही शोधतोय. सर एकदम खुलले.

"मंग त मॅडम, तुमी बराबर शाळेत आल्या. हे पाहा आमची महेक."

वर्गातली पहिली आलेली मुलगी दाखवावी तशी त्यांनी ती दाखवली.

*

महेक सातवीत होती. तिचे वडील हायवेवर ट्रकचं गॅरेज चालवतात. घरात हिंदी, बाहेर वऱ्हाडी, आणि पोरगी दोन्हीत मितभाषी. काट्यावर उभी राहिली ती खाली मान घालून. ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळलेली. ती सोडायला सांगितली तर सोडेना. शेवटी सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा तिने ओढणी सैल केली.

मानेवर काळसर, जाडसर पट्टा होता. अंगात साखर नीट जिरत नसली की मुलांच्या मानेवर असा पट्टा येतो. पोरं तिला "मळकी" म्हणत होती, आणि ती रोज लिंबू-बेसन लावून मान सोलून काढत होती.

"किती घासलं तरी जात नाही मॅडम," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की हा मळ नाही, हे घासून जाणार नाही आणि यात तुझी काहीच चूक नाही. तिने दोनदा विचारलं, "खरंच मळ नाही?" त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, बाकी जिल्ह्याचं काय व्हायचं ते होवो, या पोरीला चौदाव्या वर्षी साखरेची गोळी लागू द्यायची नाही.

घरी चिठ्ठी पाठवली, तुमच्या मुलीचं वजन पाहिजे त्याहून बरंच जास्त आहे, दवाखान्यात येऊन भेटा. दुसऱ्याच दिवशी दादी आली, म्हणजे महेकची आजी. त्या घरात दादी असताना आईवडील दोघंही बोलत नाहीत, हे मला पुढे कळलं. दादीच्या हातात किलोभर पेढ्यांचा डबा होता.

"तुमीच लिहून देल्लं न मॅडम, पाह्यजे त्याहून जास्त हाय म्हणून. आमच्या खानदानात कोणाचंच पाह्यजे तेवढं बी भरलं नव्हतं."

मी अर्धा तास समजावलं. मानेचा पट्टा समजावला, साखर समजावली, बेकरीची खारी, बाटलीतलं थंड आणि पाकिटातला कुरकुरीत कचरा, सगळं समजावलं. दादीने मान हलवत, मधूनमधून "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत सगळं ऐकून घेतलं. मग डबा पुढे केला आणि म्हणाली, "तुमी दोन घ्या."

मी एकही घेतला नाही. राठोडभाऊंनी चार घेतले.

*

मग साखरेची तपासणी. महेकसोबत आणखी पाच-सहा मुलं निवडली आणि सगळ्यांच्या घरी निरोप दिला की सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात उपाशी या.

आली बिचारी, एकदम वेळेवर. रक्त घेतलं. रिपोर्ट पाहून मला घाम फुटला. सगळ्यांचीच साखर चढलेली! एका शाळेतली सगळी मुलं एकाच दिवशी मधुमेही कशी होतील? मी बाहेर येऊन आयांना विचारलं, खरंच उपाशी आणलंय ना?

एक माउली दुखावल्या आवाजात म्हणाली, "म्हंजे काय! उपासाचंच देल्लं मॅडम. साबुदाण्याची उसळ, दोन केळी अन् गिलासभर दूध."

बाकीच्या आयांचंही तेच. कोणी राजगिऱ्याचे लाडू दिलेले, कोणी शिंगाड्याचा शिरा. सरकारी दवाखान्यात मीठ चालतं का, असा एकीला प्रश्न पडला होता म्हणून तिने उसळीत सैंधव घातलं होतं.

मी दादीकडे वळले. ही तरी साबुदाणा देणार नाही, अशी माझी भोळी आशा.

"तुमी उपाशी म्हटलं न," दादी म्हणाली, "म्हणून पहाटेच उठवून रोज्यावानी सहरी करवली. पराठे, मलाई, थोड्या शेवया. अजान झाल्यावर पाण्याचा घोट बी घेऊ देल्ला नाही. कसम सांगतो."

रमजानला अजून चार महिने होते! पण दादी आणि त्या माउल्या एकमेकींकडे कौतुकाने पाहत होत्या. यांनी किती नेमाने केलं, त्यांनी किती नेमाने केलं. त्या बाकावर मला एकटीलाच धर्म नव्हता.

पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. या वेळी निरोप दिला, "काही म्हणजे काहीच नाही. साबुदाणा नाही, सहरी नाही, देवाचं नाव नाही." तेव्हा कुठे खरा आकडा आला. बाकीची मुलं सुटली. महेक नेमकी उंबरठ्यावर होती. सहा महिन्यांत वजन आवरलं तर वाचेल, नाहीतर आयुष्यभराची औषधं.

*

मधल्या काळात आम्ही गावात जनजागृतीची फेरी काढली. पोरांनी घोषणा पाठ केल्या, "पाकीट सोडा, फळं खा!" महेक सगळ्यात मागे, फलक धरून, धापा टाकत चालली होती.

शाळेच्या फाटकाला लागूनच अण्णाजींचं दुकान आहे. अण्णाजी म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावातल्या यच्चयावत पाकिटांचे पुरवठादार. दुकान हलवा म्हणून मी त्यांना तीनदा भेटले होते. फेरी त्यांच्या दुकानासमोर थांबवायची, ही माझीच आयडिया. म्हटलं, पोरांच्या तोंडून ऐकतील तर लाजतील तरी.

पोरं थांबली. बेंबीच्या देठापासून ओरडली. अण्णाजी दुकानातून बाहेर आले, हात जोडले, डोळ्यांत पाणी. आत गेले आणि प्रत्येक पोराच्या हातात एक-एक पाकीट दिलं. पोरांनी एका हातात फलक आणि एका हातात पाकीट घेऊन पुढच्या घोषणा दिल्या.

मी चिडून विचारलं, अण्णाजी, हे काय?

"मॅडम, येवढी पोट्टी माह्या दारात आली. रिकाम्या हातानं कशी पाठवू?"

राठोडभाऊ गाडीत बसून कुरकुर वाजवत खात होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "मी फेरीत होतो."

*

शेवटी मी दादीच्या घरीच गेले. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, समोरच्या फळीवर भांडी झळाळत लावलेली. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात दादीने फळीवरचा एक स्टीलचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. झाकणावर अक्षरं कोरलेली होती, "सुदृढ बालक स्पर्धा, प्रथम क्रमांक, महेक."

डबा आमच्याच खात्याचा!

दादीने सांगितलं ते असं. महेक दिवस भरायच्या आधी झाली. इतकी लहान की दादीने तिला सरकी काढलेल्या कापसाच्या रुईत गुंडाळून महिनाभर छातीशी धरलं. दर महिन्याला काटा घेऊन बाया यायच्या आणि म्हणायच्या, वजन वाढवा, वजन वाढवा, नाहीतर पोरगी हाती लागत नाही. दादी काटा बघायला शिकली. रात्रंदिवस तिला भरवलं. तिसऱ्या वर्षी पोरगी स्पर्धेत पहिली आली, सायबाच्या हातून डबा मिळाला, टाळ्या वाजल्या.

"उंदराच्या पिल्लावानी होती मॅडम. तुमच्याच लोकायनं सांगतलं वाढवा, म्या वाढवली. तुमीच बक्षीस देल्लं. आता तुमीच म्हणता कमी करा. एकदा काय थे ठरवून या न."

राग आला होता, पण तो कोणावर काढावा तेच कळेना. दादीवर तर निघत नव्हता. ती अजून एकच भीती छातीशी धरून होती, रुईत गुंडाळलेली पोरगी जाईल याची. मी फक्त एवढंच म्हटलं की तेव्हा वाढवली म्हणून वाचली, आता आवरली तर वाचेल, आणि दोन्ही वेळा वाचवणारी तुम्हीच.

दादीने डबा माझ्या मांडीवरून उचलून परत फळीवर ठेवला. मग विचारलं, "मंग देऊ काय?"

काकडी द्या, मी म्हटलं. गाजर द्या, मोड आलेले मूग द्या. आणि रोज तिच्यासोबत थोडं चाला. चालण्यावर दादी मनापासून हसली. गल्लीच्या टोकापर्यंत जायलाही ती ऑटो बोलावते. पण काकडीचं मात्र कबूल केलं.

*

इकडे शाळेत गावंडे सरांनी वेगळाच घोळ घातला. शाळेने जन्मात कधी खेळात काही जिंकलं नव्हतं. सरांनी मुलींचा रस्सीखेचचा संघ काढला आणि दोरीचं शेवटचं टोक महेकच्या कमरेला बांधलं. बस्स. समोरच्या नऊ मुली ओढून ओढून दमायच्या, महेक जागची हलायची नाही. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांत, पहिला नंबर. सरांच्या खोलीत आयुष्यातली पहिली ढाल आली आणि ती रोज पुसली जाऊ लागली.

मी सरांना सांगितलं की महेकला रोज पळू द्या, निदान मैदानाला फेऱ्या मारू द्या. सरांनी मला दाराआड घेतलं आणि आवाज खाली केला.

"मॅडम, पाया पडतो. तालुका होऊ द्या, मंग करा कमी."

"सर, तिच्या साखरेचं काय?"

"साखर काय पळून जाते? ढाल जाते."

मी महेकलाच बोलावलं. तुला काय वाटतं ते सांग, म्हटलं. ती सरांसमोर बोलायला घाबरत होती, पण बोलली.

"मले दोरीच्या शेवटी नाही उभं राहायचं. मले पळायचं हाय."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पळणारे गंज हायेत, ढीगभर. थांबणारी तू एकटीच हाय."

पोरगी निमूट दोरीकडे गेली. मी गाडीत येऊन बसले आणि राठोडभाऊंवर उगाच ओरडले. त्यांनी मला केळ दिलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सगळ्यांना सांगते आणि कोणाचा विश्वास बसत नाही.

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या, पांढरकवड्यात. आमचं पथक प्रथमोपचाराला. दादी ऑटोने आली होती, मांडीवर तोच स्टीलचा डबा. मंडपात माझ्या शेजारी बसली आणि दर पाच मिनिटांनी विचारू लागली, पोरीच्या पोटात काही हाय का नाही. सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं, डबाच घरी विसरून आली.

रस्सीखेचचा अंतिम सामना झाला. महेकच्या कमरेला दोरी, टाचा मातीत रुतवलेल्या, ओढणी मानेभोवती घट्ट. समोरच्या संघाने जीव तोडून ओढलं. महेक हलली नाही. जिंकले! गावंडे सर मैदानात नाचले. मी उठून त्यांच्याकडे गेले आणि आठवण दिली, सर, तालुका झाला.

सरांनी घाम पुसला. "मॅडम, आता जिल्हा होऊ द्या."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरने बोलावं असं तर मुळीच नाही. आमचं ते चाललेलं असताना माइकवर मुलींच्या धावण्याच्या शर्यतीची घोषणा झाली, मैदानाला एक फेरी. आणि सर एकदम माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

महेकने कमरेची दोरी सोडली होती. मानेची ओढणीही सोडली, घडी करून दोरीवर ठेवली आणि धावणाऱ्या मुलींच्या ओळीत शेवटी जाऊन उभी राहिली. सर "ए महेक!" म्हणेपर्यंत शिट्टी वाजली.

बाकीच्या मुली सुसाट गेल्या. महेक आपल्या चालीने निघाली. पहिल्या वळणावरच ती खूप मागे पडली. पोरं हसायला लागली. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची आडवी पडली.

"अगे रुक! खाली पेट भागती क्या!"

दादी! गल्लीच्या टोकाला ऑटोने जाणारी दादी, एका हाताने साडी उचलून, दुसऱ्या हातात डबा धरून, पांढऱ्या फक्कीच्या रेघांमधून महेकच्या मागे पळत सुटली. मी मागून ओरडले, दादी, थांबा, बीपी आहे तुम्हाला. कोण ऐकतंय!

दुसऱ्या वळणावर महेक गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. संपलं, मला वाटलं. तिने मागे पाहिलं. दादी जवळ आली होती, डब्याचं झाकण उन्हात चमकत होतं. महेकने डबा पाहिला आणि पुन्हा पळायला लागली.

मग सगळं मैदान उभं राहिलं. माइकवाल्याने दादीलाही शर्यतीत धरलं आणि दोघींचं समालोचन सुरू केलं. मी ओरडत होते, राठोडभाऊ ओरडत होते, आणि ज्यांनी तिला थांबवायला पाऊल उचललं होतं ते गावंडे सर रेघेच्या कडेने तिच्यासोबत पळत, घसा फोडून सांगत होते, "पळ महेक! थांबू नको!"

महेक मुलींमध्ये शेवटची आली. तिच्या मागून दादी आली आणि तिथेच मातीत फतकल मारून बसली. मी धावत जाऊन नाडी पाहिली. नाडी माझ्याहून बरी होती. दम खात दादीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डबा उघडला. आत कडेपर्यंत भरलेले सोनेरी, तेलाने चमचमणारे भजे.

"दादी," मी कपाळाला हात लावला, "भजे?"

"काकडीचे हायेत मॅडम. तुमीच सांगतलं होतं न."

महेक धापा टाकत दादीशेजारी बसली. मान घामाने चिंब, ओढणी तिकडे दोरीवर. तिने एक भजं उचललं, राठोडभाऊंच्या हातावर ठेवलं, झाकण लावलं आणि दादीकडे पाहिलं.

"दादी, कल भी भागते क्या अपन?"

दादीने आधी पोरीच्या मोकळ्या मानेकडे पाहिलं, मग गुडघे चोळले आणि डबा तिच्याकडे सरकवला.

"डब्बा तू पकडी, तो भागते."